जर्मनीचं तंत्र, परभणीचा डबा टीव्ही

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे परभणीकर कुठेही गेला तरी ऐकवतोच. ते आलं कुठून, याचे किस्से मात्र जितकी तोंडं तितके. घरातल्या जुन्या डबा टीव्हीपुरतं हे नातं अगदी खरं आहे. त्याची पिक्चर ट्यूब ज्या नळीची वंशज, ती कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली तयार केली. रंगीत चित्र पाठवायची 'पाल' नावाची पद्धत वॉल्टर ब्रूख यांनी हॅनोव्हरमध्ये टेलिफुंकेन कंपनीत बसवली आणि १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीत तिच्यावर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. दिल्लीत एशियाड झालं त्या १९८२ साली भारतातही टीव्ही रंगीत झाला, तो याच पद्धतीने. आज जुन्या टीव्हीला लॅपटॉप जोडायला बसलं, की हे 'पाल' पुन्हा भेटतं, एका बोटभर बटणाच्या रूपात. त्याकडे येऊच.

हे डबे अजून चालू आहेत, त्याचं बरंचसं श्रेय सेट टॉप बॉक्सचं. केबल डिजिटल करण्याचं काम २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांपासून सुरू झालं आणि खेड्यांसाठीची मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत आली. टीव्ही बदलावा लागला नाही. मध्ये एक बॉक्स आला आणि लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांची वायर आली. दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री लावलेल्या घरांतही तेच. त्यामुळे जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या घरांत ही तीन पिनांची वायर कुणाला नवी नाही.

लॅपटॉप नंतर आला, बहुतेक मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने. पण पंधरा इंची पडद्यापुढे घरातली पाच-सहा माणसं दाटीवाटीने बसणार किती? परभणीतल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे खरिपाचे आणि रब्बीचे परिसंवाद असोत, सोयाबीनच्या रुंद वरंबा सरी पेरणीचा व्हिडिओ असो की पोरांचे शाळेचे धडे. बघणारे एकापेक्षा जास्त असले की नजर कोपऱ्यातल्या टीव्हीकडे जातेच.

दुकानात जाण्याआधी टीव्हीची पाठ पाहावी. निम्मी फसगत तिथेच टळते.

मागे नुसती पिवळी, पांढरी, लाल भोकं असतील, तर तो टीव्ही जुन्या ॲनालॉग पद्धतीचं चित्र घेतो. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डावा आवाज, लालमधून उजवा. आजच्या लॅपटॉपला मात्र एचडीएमआय असतं, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही डिजिटल, एकाच वायरीतून. दोघांच्या मध्ये विजेवर चालणारा कन्व्हर्टर लागतो. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली साधी वायरही बाजारात मिळते, स्वस्त मिळते आणि लॅपटॉपच्या बाबतीत काहीच करत नाही. डिजिटलचं ॲनालॉग करणारं सर्किट तिच्यात नसतंच. ही वायर विकणाऱ्याला दोष देण्यापेक्षा ती न घेतलेली बरी.

कन्व्हर्टर काड्यापेटीहून जरा मोठा असतो आणि काहीशे रुपयांत मिळतो. त्यातही एक गोम आहे. 'एचडीएमआय टू एव्ही' आणि 'एव्ही टू एचडीएमआय' अशा दोन वस्तू हुबेहूब एकसारख्या दिसतात. पहिली आपल्या कामाची. दुसरी जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडणाऱ्याची. डबीवरचं 'इनपुट' एचडीएमआयच्या बाजूला छापलेलं आहे ना, तेवढं पाहायचं. तिला यूएसबीच्या बारीक वायरीतून वीज द्यावी लागते. मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर चालतो. ही वायर न लावताच 'डबी खराब निघाली' म्हणून दुकानात परत नेणारे कमी नाहीत.

आणि ते बटण. डबीच्या कडेला 'पाल' आणि 'एनटीएससी' असं लिहिलेली बारीक सरकती कळ असते. एनटीएससी ही अमेरिकेची पद्धत. कळ त्या बाजूला राहिली, तर आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या टीव्हींवर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वरखाली पळत राहतं. नख लावून ती 'पाल'वर सरकवली की रंग येतात.

सेट टॉप बॉक्सच्या वायरीला दोन्ही टोकांना तीन-तीन पिना असतील, तर तीच इथे चालते. एका टोकाला हेडफोनसारखी एकच पिन असेल, तर दुसरी वायर घ्यावी. टीव्हीला आवाजासाठी एकच भोक असेल, तर त्यात पांढरी पिन घालून लाल मोकळी सोडायची. मात्र लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आवाज 'मोनो' करावा, नाहीतर उजव्या बाजूचा आवाज हरवतो. वायरी जोडताना टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही बंद ठेवावेत. मग टीव्हीच्या रिमोटवरचं 'एव्ही' किंवा 'सोर्स' बटण दाबायचं. रिमोट हरवला असेल (डबा टीव्हीचा रिमोट हरवलेलाच असतो), तर काही टीव्हींवर एक नंबरच्या चॅनेलवरून मागे गेलं की एव्ही लागतं.

लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबलं की चार पर्याय येतात. त्यातला 'डुप्लिकेट' निवडला की दोन्हीकडे एकच चित्र. आवाज तरीही लॅपटॉपमधूनच येत असेल, तर खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाजाची वाट एचडीएमआयकडे वळवावी.

चित्र आलं की पहिली प्रतिक्रिया बहुधा नाराजीची असते, कारण अक्षरं वाचता येत नाहीत. हा दोष कन्व्हर्टरचा नाही. पाल पद्धतीत दिसणाऱ्या आडव्या रेषा ५७६. डिजिटल हिशेबात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. फुल एचडी पडद्यावर ते वीस लाखांवर असतात. पाचातले चार ठिपके गाळल्यावर एक्सेलचा तक्ता कसा दिसणार? चालतं-बोलतं चित्र मात्र झकास दिसतं. बोंडात शिरलेली गुलाबी बोंडअळी जवळून दाखवली तर ती या टीव्हीवरही ओळखू येते. शेजारच्या स्लाइडवर लिहिलेली औषधाची मात्रा मात्र लॅपटॉपवरच वाचावी. औषधाच्या बाबतीत अंदाज नको.

या मर्यादेत एक फायदाही आहे. टीव्हीच ५७६ रेषांचा, तर यूट्यूबवर १०८० ची क्वालिटी लावून डेटा जाळण्यात अर्थ नाही, ४८० पुरते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघणाऱ्या घरात ही बचत मोठी. माणसं उंच आणि वाळलेली दिसू लागली, तर ते रुंद चित्र चौकोनी पडद्यात कोंबल्यामुळे. लॅपटॉपचं रिझोल्यूशन ८०० गुणिले ६०० करून पाहावं; काही कन्व्हर्टरवर चेहरे ठिकाणावर येतात.

टीव्ही डबा नसून पहिल्या काळातला एलसीडी किंवा एलईडी असेल, तर काम निम्म्याहून सोपं. मागे एचडीएमआय असेल, तर एक वायर पुरे. पंधरा भोकांचं निळं 'पीसी' लिहिलेलं भोक असेल, तर ते व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेलं आणि कैक वर्षं टिकलेलं. त्यातून आवाज जात नाही, म्हणून हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर ओढावी लागते. नव्या लॅपटॉपला व्हीजीए सापडणं अवघड. २०१० च्या डिसेंबरातच इंटेल आणि एएमडी यांनी ते २०१५ पर्यंत सोडणार असल्याचं जाहीर केलं होतं. टाइप-सी भोकावर विसंबण्याआधी लॅपटॉपचं माहितीपत्रक पाहावं. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर येत नाही.

सगळं जमूनही एखाद्या ओटीटीवरचा सिनेमा काळाच दिसतो आणि यूट्यूब मात्र नीट चालतं, असं झालं तर वायरी उपसू नयेत. पैसे घेऊन दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांना नकलेपासून वाचवणारं कुलूप असतं, आणि जे यंत्र ते कुलूप ओळखत नाही त्याला चित्र मिळत नाही. आवाजात सतत घूं ऐकू येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावं. पुष्कळदा तेवढ्याने तो थांबतो. टीव्हीचं मागचं झाकण मात्र घरी उघडू नये. पिक्चर ट्यूबला वीसेक हजार व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ आत साठून राहू शकतो. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.