नोंदवहीतील वाचक

सार्वजनिक ग्रंथालयाचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे त्याचा आरंभ बहुधा देणगीदारांच्या नामावलीने होतो. कोनशिला कोणी बसविली, इमारतीस खर्च किती आला, ग्रंथसंख्या कोणत्या साली किती झाली, हा सारा तपशील वार्षिक अहवालांतून मिळतो. परंतु ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला, त्या वाचकाने कोणते पुस्तक घरी नेले याविषयी अहवाल मौन पाळतात. ते सांगू शकते देवघेवीची नोंदवही. आणि जागेची टंचाई भासू लागली की पहिली पाळी येते ती तिचीच. अमेरिकेतील मन्सी या गावी अशा वह्या केवळ योगायोगाने वाचल्या. त्यांतून जे निष्पन्न झाले त्याची दखल ग्रंथालयाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी असे आहे.

मन्सी हे इंडियाना राज्यातील एक मध्यम गाव. १८८६च्या सुमारास त्या परिसरात नैसर्गिक वायूचा शोध लागला, त्यापाठोपाठ कारखाने आले आणि १८९० साली सुमारे ११ हजार असलेली लोकसंख्या दहा वर्षांत २१ हजारांच्या घरात गेली. रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्याने १९२९ मध्ये ‘मिडलटाउन’ या नावाने ज्या गावाचा समाजशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, ते गाव हेच. येथील सार्वजनिक ग्रंथालय १८७५ मध्ये सुरू झाले आणि १९०४ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून उभारलेल्या वास्तूत गेले. या वास्तूच्या नूतनीकरणाच्या सुमारास, २००३ मध्ये, तेथील बॉल स्टेट विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक फ्रँक फेलसेन्स्टाइन यांच्या दृष्टीस जुन्या वह्या पडल्या.

वह्या तीन प्रकारच्या होत्या. एकीत सभासदाचा क्रमांक, नाव, पत्ता आणि हमी देणाऱ्याचे नाव. दुसरीत ग्रंथांचे दाखल क्रमांक. आणि तिसरीत कोणत्या दिवशी कोणत्या क्रमांकाच्या सभासदाने कोणत्या क्रमांकाचे पुस्तक नेले याची नोंद. एकेक वही स्वतंत्रपणे पाहिली तर नुसती आकड्यांची जंत्री. तिन्ही जुळवल्या की अख्खे गाव वाचताना दिसू लागते. नोव्हेंबर १८९१ ते डिसेंबर १९०२ या काळातील या नोंदी. मधल्या सुमारे अडीच वर्षांच्या नोंदी मात्र नाहीत. तरीही सहा हजारांहून अधिक वाचक, सुमारे ११ हजार ग्रंथ आणि जवळजवळ पावणेदोन लाख देवघेवी त्यांत आहेत. त्यांची १९००च्या जनगणनेशी सांगड घालून वाचकांचे वय, व्यवसाय व कुटुंब यांचा माग काढण्यात आला. हे सारे साहित्य २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि २०१५ मध्ये फेलसेन्स्टाइन व जेम्स कॉनली यांनी त्यावर ग्रंथ लिहिला.

त्यांतून दिसलेले चित्र ग्रंथालय चालविणाऱ्यांच्या त्या काळच्या अपेक्षांशी जुळणारे नाही. वाचकाने इतिहास, विज्ञान, चरित्रे वाचून आपली उन्नती करावी, अशी त्यांची धारणा होती. मन्सीच्या वाचकांनी उचलली ती प्रामुख्याने कथाकादंबऱ्यांची पुस्तके. सर्वाधिक मागणी होती होरेशिओ अल्जर यांना. गरीब मुलगा प्रामाणिकपणा, कष्ट आणि थोडेसे दैव यांच्या बळावर वर येतो, हे त्यांच्या कथांचे ठरीव सूत्र. ऑलिव्हर ऑप्टिक व हॅरी कॅसलमन यांच्या साहसकथाही अशाच हातोहात जात. असल्या पुस्तकांना ग्रंथालयात थारा द्यावा की नाही, यावर त्या काळी अमेरिकेतील ग्रंथपाल हिरिरीने वाद घालीत होते. पण वाचकांनी आपला निर्णय केव्हाच देऊन टाकला होता.

नोंदवहीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. नेलेले पुस्तक वाचले गेलेच असे नव्हे. आणि एका नावावर नेलेले पुस्तक घरातील चौघांनी वाचले असेल, तर वहीला त्याचा पत्ता नसतो. तथापि सामान्य माणसाच्या आवडीनिवडीचा इतका निरपेक्ष पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो. आत्मचरित्र लिहिणारा आपण कोणते थोर ग्रंथ वाचले ते सांगतो; नोंदवही मात्र कोणाचीच भीड बाळगीत नाही.

नेमकी येथेच एक अडचण उभी राहते. माणूस काय वाचतो ही त्याची खाजगी बाब आहे. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३९च्या आचारसंहितेतच वाचकांविषयीची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले. २००१च्या पेट्रियट कायद्याने तपासयंत्रणांचे अशा नोंदी मागविण्याचे अधिकार वाढविले, तेव्हा अनेक ग्रंथालयांनी पुस्तक परत येताच नोंद पुसून टाकण्याचा मार्ग पत्करला. त्या कलमाची मुदत २०२० मध्ये संपली. नोंद पुसण्याची प्रथा मात्र रूढ झाली आहे. जिवंत वाचकाचे संरक्षण झालेच पाहिजे, याविषयी दुमत नसावे. परंतु त्यासाठी इतिहासाचा बळी देणे अपरिहार्य नाही. अमेरिकेत जनगणनेतील व्यक्तिगत तपशील ७२ वर्षे बंद ठेवून मग अभ्यासकांना खुला करतात. देवघेवीच्या वह्यांनाही असाच न्याय लावता येईल.

महाराष्ट्राने हा विचार करणे अगत्याचे आहे. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) ही येथील सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा मन्सीहून जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या किती घरांत गेल्या, स्त्रियांची नावे सभासदांत केव्हा दिसू लागली, गिरणीत वा कचेरीत काम करणारा माणूस संध्याकाळी काय वाचीत होता, या प्रश्नांची उत्तरे साहित्येतिहासाच्या ग्रंथांत शोधून सापडणार नाहीत. जेथे जेथे जुन्या वह्या अद्याप शिल्लक असतील, तेथील कार्यकारी मंडळांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची यादी करावी, छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि त्या किती वर्षांनी खुल्या करावयाच्या याचा ठराव करावा. नोंदी उतरवून घेण्याचे काम महाविद्यालयांतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करू शकतील. यास मोठा निधी लागणार नाही. वही विकून येणाऱ्या चार पैशांवर पाणी सोडण्याची तयारी तेवढी लागेल.