विश्लेषण : बीडच्या शेतात मिनी ट्रॅक्टर किती कामाचा? हप्ता कधी फिटतो, कधी अंगावर येतो?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील वाड्या, वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. २०२४-२५ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, २०२५-२६ चा १ नोव्हेंबरला. नेमक्या याच दिवसांत गावाकडे हरभऱ्याची पेरणी, ज्वारीची कोळपणी आणि कापसाची वेचणी सुरू असते. बैलगाडीने ऊस वाहणारी कुटुंबे बैलही सोबत नेतात. गावातले मोठे ट्रॅक्टर असतात, पण त्यातले बरेच ट्रेलर जोडून ऊस वाहतुकीला गेलेले असतात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि वापशावर आलेली जमीन. मिनी ट्रॅक्टरचा विचार या जिल्ह्यात होतो तो या अडचणीतून. मात्र तो घ्यावा की नाही, याचे उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. ते शेताच्या वर्षभराच्या कामात दडलेले असते.

मिनी ट्रॅक्टर म्हणायचे कशाला?

साधारण वीस अश्वशक्तीपर्यंतच्या ट्रॅक्टरला शेतकरी ‘मिनी’ किंवा ‘छोटा ट्रॅक्टर’ म्हणतात. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे पंधरा अश्वशक्तीच्या घरातले, व्हीएसटीचा एमटी १८० डी साडेअठराचा, तर कुबोटाचा ए २११ एन एकवीस अश्वशक्तीचा आणि चारही चाकांना ताकद देणारा. वजन साधारण सहाशे ते साडेआठशे किलो. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा नेहमीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. हलके वजन आणि कमी रुंदी हीच या यंत्राची खरी ताकद, आणि त्याची मर्यादाही तीच.

बैलजोडीची जागा तो घेतो का?

काही कामांत घेतो. देशात २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. बैल वर्षभर सांभाळायचा तर कडबा, पेंड आणि घरात एक राबता माणूस लागतो. बीडमध्ये टंचाईच्या वर्षी पहिला प्रश्न उभा राहतो तो चाऱ्याचा. यंत्राला उन्हाळ्यात वैरण लागत नाही, हा हिशेब घराघरांत होतो. (हप्ता मात्र उन्हाळ्यातही लागतो, तो पुढे पाहू.)

बैलांचे खास काम म्हणजे कोळपणी. पेरणीनंतर दोन ओळींतील तण काढणे आणि माती भुसभुशीत करणे हे काम मोठ्या ट्रॅक्टरला जमत नाही, कारण त्याची चाके पीक तुडवतात. सोयाबीनमध्ये पहिली कोळपणी पंधरा ते वीस दिवसांनी आणि दुसरी तीस ते पस्तीस दिवसांनी करावी, अशी शिफारस आहे. फुलोरा सुरू झाल्यावर कोळपे घालू नये. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असेल आणि ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचे मध्य ९० सेंटिमीटरवर बसवता येत असतील, तर दोन ओळी पोटाखाली येतात आणि चाके बरोबर मोकळ्या जागेतून जातात.

बरेच जण फसतात ते इथेच. ट्रॅक्टर आधी घेतला जातो, पेरणी जुन्याच अंतरावर होते आणि जुलैमध्ये लक्षात येते की चाक ओळीवर चढते. मग घेतलेले यंत्र बांधावर उभे आणि शेतात खुरपणीला बायका, असे चित्र दिसते. चाकांचे अंतर टेपने मोजून त्यानुसार पेरणी यंत्राचे फण बसवायचे, हे काम जूनच्या आधीचे. चाकांमधील अंतर कमी-जास्त करता येते का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे. जमिनीपासून ट्रॅक्टरच्या पोटापर्यंतची उंचीही मोजावी. ती साधारण फूटभराची असेल, तर पीक त्याहून वाढल्यावर शेंडे मोडतात. कापसात ओळी चार फुटांवर असतील तर ट्रॅक्टर ओळीच्या वरून न जाता मधून जातो. फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत ही सोय टिकते.

वर्षभरात त्याला काम किती?

मे महिन्यात शेणखत आणि तलावातला गाळ शेतात टाकण्यापासून सुरुवात होते. छोट्या ट्रॉलीत माल कमी बसतो, पण अरुंद पाणंदीतून आणि शेजाऱ्याच्या बांधावरून ती जाते. टिपरला तिथे वाट नसते. गाळ लांबून आणायचा असेल तर मात्र मिनीच्या खेपा परवडत नाहीत. वळवाचा एखादा पाऊस पडला की ढेकळे फोडण्यासाठी मोगडा किंवा चार फुटी रोटाव्हेटर. मृग लागला म्हणून पेरणीची घाई नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा दरवर्षीचा सल्ला कोरडवाहू बीडला सर्वांत जास्त लागू पडतो. दुबार पेरणीचे संकट कोणतेही यंत्र टाळत नाही. उलट, ट्रॅक्टर दारात असला की पहिल्या सरीवरच पेरणी उरकण्याचा मोह वाढतो.

पेरणीनंतर कोळपणी आणि मग फवारणी. सोयाबीनला एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी धरले, तर पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाने तेरा-चौदा वेळा टाकी भरावी लागते. ट्रॅक्टरवर दोनशे लिटरची टाकी आणि पीटीओवर चालणारा पंप बसवला की तेच काम एका भरण्यात होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाठीवर औषध गळून होणारी विषबाधा टळते. तोंडावर मास्क आणि हातात मोजे तरीही हवेतच.

रब्बीत हंगामाची घाई सर्वांत जास्त असते. ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, हरभरा त्यापाठोपाठ. सोयाबीन निघाल्यापासून जमिनीतील ओल उडेपर्यंत जेमतेम आठ-दहा दिवस हाती असतात, आणि घरातील कर्ती माणसे मुकादमाची उचल घेऊन निघण्याच्या तयारीत असतात. जायच्या आधी पेरणी उरकली नाही, तर रान पडीक राहते किंवा दुसऱ्याला बटईने द्यावे लागते. पाळी आणि पेरणी दोन दिवसांत आटोपणारे यंत्र इथे खरे मोलाचे. मागे राहिलेल्यांपैकी कुणी ते चालवणारे असेल, तर नोव्हेंबरची कोळपणीही होते. मिनी ट्रॅक्टर महिलांनी शिकून घेण्याचा मुद्दा बीडमध्ये म्हणूनच हौसेचा नाही. त्यासाठी परवाना मात्र काढावा लागतो.

माजलगाव, गेवराई, परळी भागातील उसात बाळबांधणी आणि मोठ्या बांधणीला, आष्टी-पाटोदा पट्ट्यातील फळबागांत झाडांच्या ओळींमधून रोटाव्हेटर आणि फवारणीला हे यंत्र चालते. ऊस साडेचार-पाच फूट सरीवर असेल, तरच. हिवाळा संपला की कडबा कुट्टी. विजेच्या वेळापत्रकावर अवलंबून नसलेली कुट्टी दुधाळ जनावरे असलेल्या घराला मोठा आधार देते.

कोणते काम त्याच्याकडून होत नाही?

खोल नांगरट. गोदावरी आणि सिंदफणेच्या काठची भारी काळी जमीन उन्हाळ्यात तापून दगडासारखी होते. तिथे दोन फाळी पलटी नांगर ओढायला पंचेचाळीस अश्वशक्तीच्या पुढचाच ट्रॅक्टर लागतो. मिनीला जबरदस्तीने जुंपले तर क्लच जळतो आणि नांगरट चार बोटेच होते. तीन-चार वर्षांतून एकदा करायची नांगरट भाड्याने करून घेणे शहाणपणाचे. मोठे मळणी यंत्र, रुंद वरंबा-सरी पद्धतीचे पेरणी यंत्र, पऱ्हाटीचा भुगा करणारा मोठा श्रेडर हीसुद्धा मोठ्या ट्रॅक्टरची कामे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत नदीकाठची जी जमीन खरवडून गेली, ती सपाट करण्याचे कामही याचे नव्हे.

ओल्या काळ्या रानात मात्र हलका ट्रॅक्टर मोठ्यापेक्षा लवकर उतरवता येतो आणि जमीन कमी दाबली जाते. तरीही वापसा नसताना रोटाव्हेटर घातला, तर माती मळल्यासारखी होते आणि वाळल्यावर तिची ढेकळे बनतात. दर हंगामात रोटाव्हेटर आणि नांगरट कधीच नाही, अशी सवय लागली, तर काही वर्षांत वरच्या थराखाली कडक थर तयार होतो. पाणी मुरणे कमी होते. जिथे वर्षाचा सगळा पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तिथे हे नुकसान लहान नाही.

हप्त्याचा हिशेब कसा बसतो?

एक उदाहरण घेऊ. तीन लाखांचे कर्ज, पाच वर्षे मुदत, व्याज ११ टक्के, हप्ता सहामाही. वर्षाला साधारण ऐंशी हजार रुपये भरावे लागतात.

आता काम मोजू. चार फुटी रोटाव्हेटरने ताशी तीन किलोमीटर वेगाने, वळणे धरून, एकराला दीड-पावणेदोन तास लागतात. पाळी, दोन पेरण्या, कोळपण्या, फवारण्या असे सगळे धरले, तर एका एकरात वर्षाकाठी दहा-बारा तासांचे काम होते. पाच एकराला साठ तास. ऐंशी हजार भागिले साठ, म्हणजे नुसत्या हप्त्यापोटी तासाला तेराशेच्या वर. तासाला दोन लिटर डिझेल, लिटरला नव्वद रुपये, वर ऑइल-दुरुस्ती धरली की आणखी अडीचशे. इतक्या पैशांत भाड्याचा ट्रॅक्टर आणून काम करून घेणे स्वस्त पडते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकर. तेवढ्या जमिनीवर तर हा हिशेब बसतच नाही.

हेच यंत्र वर्षाला अडीचशे तास चालले, तर हप्त्याचा बोजा तासाला ३२० रुपयांवर येतो. डिझेल-दुरुस्तीसह पावणेसहाशेच्या आत. त्यासाठी वीस-एकवीस एकर काम हवे. भावकीतील चार घरे एकत्र आली, तर एवढे क्षेत्र सहज भरते.

अडचण वेगळीच आहे. वापसा सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी येतो. दोन पावसांमध्ये पाच दिवसांची उघडीप मिळाली आणि दिवसाला पाच एकर कोळपणी झाली, तर पंचवीस एकरच होणार. म्हणजे एका मिनी ट्रॅक्टरच्या मागे वीस-पंचवीस एकर, हा त्याचा बेताचा संसार. त्याहून कमी असेल तर हप्ता अंगावर येतो, जास्त असेल तर शेवटच्या शेतकऱ्याचे तण हातभर वाढते. कोणाचे रान आधी, यावरून भावकीत वाद होणारच. नंबर लावण्याची पद्धत खरेदीच्या आधी ठरलेली बरी.

अनुदान कोणाला, किती?

बीडमध्ये विशेष माहीत असावी अशी योजना सामाजिक न्याय विभागाची आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांना ९० टक्के अनुदानावर ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने मिळतात. गटातील किमान ८० टक्के सदस्य, तसेच अध्यक्ष आणि सचिव या घटकांतील असावे लागतात. २०१७ च्या शासन निर्णयात साडेतीन लाखांची मर्यादा होती : ३ लाख १५ हजार शासनाचे, ३५ हजार गटाचे. त्यापुढील खर्च गटाने सोसायचा. रोटाव्हेटर आणि ट्रॉली धरली तर वरचा खर्चही बराच होतो, त्यामुळे अर्जापूर्वी समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात चालू मर्यादा विचारून घ्यावी. गटाकडे मिळून वीस एकर काम असेल, तर ही योजना वरच्या हिशेबात नेमकी बसते.

इतर शेतकऱ्यांसाठी कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज महाडीबीटीवर. शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक. पूर्वसंमती मिळण्याआधी केलेल्या खरेदीला अनुदान मिळत नाही, आणि या चुकीने अर्ज बाद होतात, ही तक्रार जुनीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच राहिली तर बिल सव्वासहा टक्क्यांनी उतरायला हवे. चार लाखांच्या जुन्या बिलात पंचवीस हजारांचा फरक. जुन्या आणि नव्या कोटेशनमधील मूळ किंमत ताडून पाहावी.

चालवताना धोका कुठे?

लहान आहे म्हणून तो निर्धोक नाही. चाकांतील अंतर कमी असल्याने बालाघाटच्या उतारावर तो कलंडण्याची भीती मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त. भरलेली ट्रॉली घेऊन आडवे वळण घेऊ नये. उतार उतरताना ट्रॅक्टर न्यूट्रल करू नये. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढायला दोर आसाच्या वर बांधून ओढले, तर पुढची चाके उचलली जातात आणि तो चालकाच्या अंगावर मागे उलटतो. दोर खालच्या हुकालाच बांधावा. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. साडीचा पदर, उपरण्याचे टोक त्यात गेले तर सोडवायला वेळ मिळत नाही, म्हणून दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण काढून फेकू नये. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठाने रोटाव्हेटर मारताना दोन-तीन मीटर रान सोडून द्यावे, तेवढे हाताने खणले तरी चालते. तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसे नेणे नियमबाह्य. ऊसतोडीला निघालेले कुटुंब बिऱ्हाडासह ट्रॉलीत बसते, तेव्हाही हाच नियम लागू असतो.