रंग कुत्र्याचा नव्हे, कप्प्याचा!
ग्रेहाऊंड शर्यतीतील सहा जाकिटांमागचे गणित

यांत्रिक ससा रुळावरून घरघरत येतो, लोखंडी झडप खाड्कन वर उचलली जाते आणि सहा ग्रेहाऊंड कुत्री बाणासारखी सुटतात. ब्रिटनमध्ये सर्रास धावली जाणारी ४८० मीटरची शर्यत जेमतेम तीस सेकंदांत आटोपते. तेवढ्या वेळात कुत्र्याचे नाव आठवण्याची उसंत कोणालाच नसते. प्रेक्षकांची नजर खिळलेली असते ती रंगांवर. तांबडा पुढे, निळा मागे, पट्टेवाला बाहेरून येतोय, अशीच भाषा मैदानावर चालते. हे रंग शोभेसाठी नसतात. त्यांच्यामागे एक काटेकोर व्यवस्था आहे आणि कुत्र्याच्या यशापयशाशी, प्रसंगी त्याच्या जिवाशीही तिचा थेट संबंध आहे.

महालक्ष्मीपेक्षा वेगळा न्याय

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यती पाहणाऱ्यांना रंगांची सवय असते. मात्र तिथे जॉकीच्या अंगावरचे रंग घोड्याच्या मालकाचे असतात. मालक तोच असेल तर घोडा कोणत्याही स्टॉलमधून सुटला तरी रंग बदलत नाहीत. ग्रेहाऊंडच्या शर्यतीत नेमका उलटा प्रकार आहे. येथे रंग ना मालकाचा, ना कुत्र्याचा. तो सुरुवातीच्या कप्प्याचा असतो. या कप्प्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. आज तिसऱ्या ट्रॅपमधून पांढऱ्या जाकिटात धावलेले कुत्रे पुढच्या आठवड्यात पाचव्यातून सुटले, तर त्याच्या अंगावर नारिंगी जाकीट चढते.

ब्रिटनमधील क्रम ठरलेला आहे. पहिला ट्रॅप तांबडा, दुसरा निळा, तिसरा पांढरा, चौथा काळा, पाचवा नारिंगी आणि सहावा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. जाकिटावर ट्रॅपचा क्रमांकही असतो आणि तो दुरून उठून दिसावा अशा रंगात लिहिलेला असतो. काळ्यावर पांढरा, नारिंगीवर काळा, तर पट्ट्यांवर लाल. बहुतेक शर्यती पूर्वापार संध्याकाळी, दिव्यांच्या प्रकाशात होत आल्या. अशा वेळी एकमेकांत मिसळणार नाहीत असेच रंग हवेत. काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांची जोडी सहाव्या क्रमांकाला मिळाली, त्यातही हीच सोय दिसते.

गंमत म्हणजे हा सारा रंगोत्सव माणसांसाठी आहे. कुत्र्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा हे रंग वेगळे ओळखता येतात. तांबडा त्यांना मळकट दिसतो. धावणाऱ्या कुत्र्याचे लक्ष शेजाऱ्याच्या जाकिटाकडे नसतेच. ते असते पुढे पळणाऱ्या सशाकडे.

दोन पट्ट्यांपासून सहा जाकिटांपर्यंत

रंगांनी कुत्री ओळखण्याची पद्धत या शर्यतींहून जुनी आहे. इंग्लंडच्या शेतांत खऱ्या सशामागे ग्रेहाऊंडच्या जोड्या सोडण्याचा खेळ शतकानुशतके चालत असे. दोन कुत्र्यांपैकी एकाच्या गळ्यात तांबडा पट्टा, दुसऱ्याच्या गळ्यात पांढरा. निकाल देणारा पंच घोड्यावर स्वार असे आणि गुण कोणाचे, हे तो रंगावरून सांगे. हा शिकारी खेळ इंग्लंडमध्ये २००५ साली कायद्याने थांबला.

सशाला जिवानिशी न मारता हाच थरार अंडाकृती धावपट्टीवर आणण्याचे श्रेय अमेरिकेतील ओवेन पॅट्रिक स्मिथ यांच्या यांत्रिक सशाकडे जाते. ब्रिटनमध्ये अशी पहिली शर्यत २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर झाली. त्या शर्यतीत सात कुत्री धावली आणि मिस्टली नावाचे कुत्रे जिंकले. पुढे ब्रिटनमध्ये सहा कुत्र्यांची शर्यत हाच प्रघात रूढ झाला. सहाच का, याचे उत्तर धावपट्टीच्या वळणात दडलेले आहे.

वळणाची भूमिती

ब्रिटनमध्ये कुत्री घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडे वळत धावतात. पहिला ट्रॅप आतल्या कठड्यालगत, तर सहावा सर्वांत बाहेर. शाळेतले भूमितीचे साधे सूत्र येथे कामास येते. आतल्या कठड्यापासून एक मीटर अधिक बाहेरून अर्धवर्तुळाकार वळण घेतले, तर सुमारे ३.१४ मीटर जास्त अंतर पडते. चार वळणांच्या शर्यतीत एक पूर्ण फेरी होते, तेव्हा हा फरक ६.२८ मीटरवर जातो. एखादे कुत्रे दुसऱ्यापेक्षा दोन मीटर बाहेरून सगळी वळणे धावले, तर त्याला साडेबारा मीटर जादा पळावे लागते. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात हे अंतर पाऊण सेकंदाचे आहे. ब्रिटिश मोजणीत कुत्र्याच्या अंगाची एक लांबी म्हणजे ०.०८ सेकंद धरतात. म्हणजेच हा तोटा नऊ लांबींहून अधिक झाला. शर्यती नाकाच्या टोकाएवढ्या फरकाने जिंकल्या जातात, तिथे नऊ लांबी म्हणजे मोठीच दरी.

मग पहिल्या ट्रॅपमधले कुत्रे नेहमीच का जिंकत नाही? कारण प्रत्येक कुत्र्याची धावण्याची जन्मजात वाट वेगळी असते. काही कुत्री आपसूक कठड्याला चिकटतात. त्यांना ‘रेलर’ म्हणतात. काही मधली वाट धरतात, तर काही वळणावर हटकून बाहेर फेकली जातात. शर्यतपत्रिकेत मधल्या वाटेच्या कुत्र्याच्या नावापुढे ‘एम’ आणि बाहेरून धावणाऱ्याच्या नावापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर छापतात. ज्याच्यापुढे अक्षर नाही, तो रेलर समजावा.

कप्पा ठरवतो कोण?

रोजच्या श्रेणीबद्ध शर्यतींत हे काम मैदानाच्या रेसिंग मॅनेजरचे असते. नवीन कुत्र्याच्या आधी चाचणी धावा होतात. त्यात त्याचा वेळ पाहिला जातो, तशीच त्याची वाटही. मग सारख्या वेगाची सहा कुत्री निवडून रेलरना आतले, मध्यमार्गींना मधले आणि बाहेरच्यांना शेवटचे ट्रॅप दिले जातात. डर्बीसारख्या मोठ्या खुल्या स्पर्धांत चिठ्ठ्या काढल्या जातात. पण त्याही गटवार. एका गटात कोणाला कोणता ट्रॅप, एवढेच नशिबावर सोडलेले असते.

या वाटणीचे महत्त्व समजण्यासाठी चुकीची वाटणी डोळ्यांपुढे आणावी. बाहेर धावणारे कुत्रे पहिल्या ट्रॅपमध्ये आणि रेलर सहाव्यात असेल, तर झडप उघडताच एक उजवीकडे झेपावेल, दुसरा डावीकडे. मधली चारही कुत्री त्या कात्रीत सापडतील. आणि हे सर्व घडेल ते पहिल्या वळणाच्या तोंडावर, सहाही कुत्री पूर्ण वेगात असताना.

म्हणूनच जाणकार मंडळी ट्रॅपकडे एकटे पाहत नाहीत. ते शेजारी पाहतात. पहिल्या ट्रॅपमधला रेलर सुटायला मंद असेल आणि दुसऱ्यातला चपळ, तर तांबडे जाकीट वळणापूर्वीच कोंडले जाते. एखादे कुत्रे ऐनवेळी बाद होऊन ट्रॅप रिकामा राहिला, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या कुत्र्यांना मोकळी जागा मिळते. पत्रिकेतील मागील शर्यतींचे शेरेही हेच सांगतात: झटपट सुटले, उशिरा सुटले, गर्दीत अडकले, धक्का बसला. तिकीट घेणाऱ्याला तर सारा हिशेब ट्रॅपच्या क्रमांकांतच मांडावा लागतो. पहिले दोन क्रमाने ओळखायचे तर तीस शक्यता, पहिले तीन ओळखायचे तर एकशेवीस!

अर्थात नियमाला अपवाद असतातच. १९८०च्या दशकात ब्रिटन गाजवणारे स्कर्लोग चॅम्प हे कुत्रे झडप उघडल्यावर बहुधा सर्वांच्या मागे असे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पुढचे थकू लागले की ते एकेकाला मागे टाकी. मागे राहिल्यामुळे पहिल्या वळणावरच्या गर्दीतून ते आपोआप वाचत असे, हेही खरे.

पहिले वळण आणि त्याची किंमत

लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर १९२९ साली डर्बीची अंतिम शर्यत झाली, तेव्हा पहिल्या वळणावर टक्कर झाली आणि निकाल रद्द ठरला. शर्यत पुन्हा धावविण्यात आली आणि आयर्लंडचा मिक द मिलर विजयी ठरला. पुढच्या वर्षीही डर्बी जिंकून तो दंतकथा बनला. तेव्हा टक्कर म्हणजे रसभंग मानला गेला. आज त्याच टकरीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

ब्रिटिश ग्रेहाऊंड मंडळाने २०२४ सालासाठी जाहीर केलेल्या आकडेवारीत परवानाप्राप्त मैदानांवरील ३,८०९ दुखापती आणि १२३ मृत्यूंची नोंद आहे. एकूण धावांच्या तुलनेत हे प्रमाण अल्प असल्याचे मंडळ सांगते. एका खेळासाठी इतके जीव का जावेत, असा प्राणिमित्र संघटनांचा सवाल आहे.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न अधिक टोकदार झाला. तिथे एका शर्यतीत आठ कुत्री धावतात आणि रंगांचा क्रमही निराळा आहे. दुसऱ्या क्रमांकाला पट्टे, चौथ्याला निळा, आठव्याला गुलाबी. तेथे धावण्याची वाट न पाहता कप्पे चिठ्ठीने दिले जातात. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील अभ्यासकांनी न्यू साउथ वेल्समधील दुखापतींचा अभ्यास करून २०१७ साली आठऐवजी सहा कुत्री धाववावीत आणि वळण नसलेल्या सरळ धावपट्ट्यांचा विचार करावा, अशी शिफारस केली. ज्या गर्दीला आवर घालण्यासाठी ब्रिटनमध्ये ट्रॅपची वाटणी होते, तिचा दोष शेवटी वळणाकडेच जातो, हे या शिफारशीतून स्पष्ट झाले.

काही देशांना मात्र ही डागडुजी पुरेशी वाटलेली नाही. न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये, तर वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये या शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अमेरिकेतील फ्लोरिडात मतदारांनी २०१८ साली कौल दिल्यानंतर २०२० अखेर त्या थांबल्या. जिथून ब्रिटनमधील कथा सुरू झाली, त्या बेल व्ह्यूवरही २०२० पासून ग्रेहाऊंड धावत नाहीत.

इंग्लंडमधील उरलेल्या मैदानांवर मात्र तांबड्यापासून पट्ट्यांपर्यंतचा तोच क्रम रोज मांडला जातो. योग्य कुत्र्याला योग्य कप्पा मिळाला, तर शर्यत चुरशीची होते आणि सहाही कुत्री धडधाकट परततात. हे गणित किती वेळा चुकते आणि चुकलेले किती वेळा खपवून घ्यायचे, यावरच या खेळाचे भवितव्य अवलंबून राहणार आहे.