निळी टोपी, काळी जाळी

अन्नसुरक्षा पथकाच्या धाडींच्या बातम्या आता हैदराबादकरांना पाठ झाल्यात. २०२४च्या उन्हाळ्यापासून चाललेल्या या मोहिमेतून आपलं काचीगुडाही सुटलं नाही. झुरळं, मुदत उलटलेले मसाले आणि शेवटी ठरलेलं वाक्य : कामगारांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या.

परवा स्टेशनजवळच्या एका हॉटेलात टोपी होती. निळी, फुगीर, कागदी वाटणारी. खरं तर पॉलिप्रॉपिलीनची. कपाळावर झुलपं मोकळी, आणि डोसा पसरता पसरता कारागीर टोपीखाली बोट घालून खाजवत होता. डोसा मी मुकाट्यानं खाल्ला, हे कबूल करतो.

माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. ताटातल्या केसाची किळस येते, पण त्यानं सहसा कुणी आजारी पडत नाही. भीती बोटांची. नाकात, त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस बोटांवरून अन्नात उतरतो, उबेला वाढतो आणि जे विष सोडतो ते अन्न पुन्हा उकळूनही जात नाही. टोपीनं केस तर अडवायचेच, पण हातही डोक्यापासून लांब ठेवायचा.

आजीची सुलतान बाजारातली काळी जाळी हे काम चोख करायची. अंबाड्यावर ताणली, चार आकडे खोचले, की स्वयंपाक उरकेपर्यंत हात केसांकडे जात नसे. जाळीचा वंशही मोठा. डेन्मार्कमध्ये स्क्रिड्स्ट्रुपला सापडलेल्या कांस्ययुगातल्या तरुणीच्या डोक्यावर घोड्याच्या केसांची जाळी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये, चीफू बंदराच्या परिसरात, बायका माणसाच्याच केसांच्या जाळ्या विणत आणि त्या अमेरिकेला जात. केस बांधायला केसच! पुढे बॉबकट आला नि धंदा बसला. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या, तेव्हा यंत्रात केस अडकू नयेत म्हणून जाळी परतली.

आपल्याकडे २०११च्या अन्नसुरक्षा नियमावलीतल्या चौथ्या परिशिष्टात डोकं झाकण्याची अट आहे. पण तपासणीत मोजली जाते ती टोपी. बोट कुठे जातं ते कोण बघतो? शिवाय ही निळी टोपी घाम टिपत नाही, आणि घाम साचला की खाज आलीच. लग्नाच्या पंगतीतले आपले आचारी डोक्याला सुती पंचा गुंडाळतात. रोज धुतलेला असेल तर मला तोच बरा वाटतो. पथकातल्या साहेबांनी एकदा ती निळी टोपी घालून मे महिन्यात तंदूरसमोर अर्धा तास उभं राहून बघावं.