बिनतारी इअरबड : निवड आणि नांदणूक

बिनतारी इअरबडच्या खोक्यावर आकड्यांचा तुटवडा कधीच नसतो. १३ मिलिमीटरचा ड्रायव्हर, ५० तासांचे प्लेबॅक, ४५ मिलिसेकंदांचा विलंब, १० मिनिटांच्या चार्जिंगवर दीडशे मिनिटांचे गाणे, अशी ती सनद चारी बाजूंनी ठळक अक्षरांत छापलेली असते. आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरचा दुकानदार तीच मोठ्या उत्साहाने वाचून दाखवीत, ‘काका, बेस बघा ना, बेस!’ असे म्हणत एकामागून एक खोकी पुढे सारीत असतो. या सर्व आकडेमोडीत एका वस्तूचे माप मात्र कोठेही नमूद केलेले आढळत नाही, आणि ती वस्तू म्हणजे गिऱ्हाइकाचा कान. वस्तुतः आवाज कसा लागेल, तो किती मोठा करावा लागेल, बाहेरचा गलबला कितपत आत येईल आणि तासाभराने कान ठणकू लागेल की नाही, या साऱ्या प्रश्नांचा निकाल सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या त्या किंचित नागमोडी नळीच्या तोंडाशी लागत असतो. यास्तव निवडीचा आरंभ खोक्याऐवजी कानापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्याने चालता चालता एकट्याने गाणे ऐकण्याची वहिवाट तशी फार जुनी नाही. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानात वॉकमन विक्रीस आणला तेव्हा श्रोता आपले गाणे घेऊन घराबाहेर पडला खरा, परंतु खिशापासून कानापर्यंतची तार पुढे कित्येक वर्षे लोंबतच राहिली. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ जाहीर करताना त्यातील हेडफोनचे ३.५ मिलिमीटरचे छिद्र काढून टाकले, त्याच वेळी एअरपॉड्सची घोषणा केली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ते बाजारात आले. दोन कानांना जोडणारी तारही नसलेले बड त्यापूर्वी काही कंपन्यांनी काढले होते. पण छिद्रच नाहीसे झाल्यावर गिऱ्हाइकाला फारसा पर्याय उरला नाही, आणि इतर कंपन्यांनीही यथावकाश तोच कित्ता गिरवला. आपल्याकडे मधल्या काळात मानेभोवती पट्टा असलेला नेकबँड अतिशय लोकप्रिय झाला, तो अद्याप टिकून आहे. त्याला कोणी जुनाट म्हणोत. त्याची बॅटरी मोठी असते, कानातून निसटला तरी तो गळ्यातच राहतो, आणि ज्याला दिवसभर फोन घ्यावे लागतात अशा माणसाने तो का सोडावा, हे मला अद्याप कळलेले नाही.

इअरबडचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. एक, कानाच्या पाळीतील खोलगट भागात नुसता टेकून बसणारा. दुसरा, सिलिकॉनची मऊ टोपी लावून नळीच्या तोंडात शिरणारा. या दुसऱ्या प्रकारात टोपी आणि कान यांमध्ये हवेला वाट राहता कामा नये, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे. इतका लहानसा पडदा मोठ्या खोलीत डग्ग्याचा घुमारा कधीच उभा करू शकला नसता. बंद केलेल्या चिमुकल्या पोकळीत तो ते काम लीलया करतो, पण त्या पोकळीला जराशी फट राहिली की खालचे स्वर प्रथम निसटून जातात आणि उरतो तो कोरडा, किनरा आवाज. भाता फाटलेल्या पेटीतून जसा दमदार स्वर निघत नाही, तसेच हे आहे. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपने सेकंदाला सुमारे ६९ असतात, आणि डग्ग्याची घुमकही त्याच प्रदेशात वावरते. तेव्हा बडची खरी परीक्षा घ्यावयाची असेल तर चित्रपटगीतापेक्षा तबल्याच्या एकल वादनाचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण लावावे, आणि ते चालू असताना दोन्ही बड बोटांनी हलकेच आत दाबावेत. दाबताक्षणी डग्गा एकदम भरून आला आणि बोट काढताच पुन्हा ओसरला, तर तुमची टोपी तुमच्या कानाला लहान पडते आहे असे खुशाल समजावे.

अशा वेळी बहुतेकजण बडला दोष देतात, आणि खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या लहान व मोठ्या टोप्यांच्या जोड्या न उघडताच राहतात. त्या प्रथम उघडाव्यात. उजवा आणि डावा कान सारख्याच मापाचे असतात ही समजूतही सोडून द्यावी. एका बाजूला मधली आणि दुसऱ्या बाजूला मोठी टोपी लावणे यात काहीच वावगे नाही. विरुद्ध हाताने कानाची पाळी किंचित वर व मागे ओढून, बड आत सरकवून मग थोडा फिरवला म्हणजे तो नीट बसतो. नळी अशी बंद झाली की आपले चावणे, बोलणे, पायऱ्या उतरतानाची धमक हे सारे डोक्यात घुमू लागते, आणि काहींना ते मुळीच सहन होत नाही. अशांनी टेकून बसणारा प्रकार घ्यावा आणि खर्जाची अपेक्षा थोडी कमी करावी. तो बड वाईट असतो असे नव्हे, त्याचा धर्म निराळा असतो. दुकानात कानात घालून पाहण्याची मुभा बहुधा मिळत नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते रास्तही आहे; म्हणून खरेदीपूर्वी माल परत घेण्याची अट काय आहे आणि खोके उघडल्यावरही ती लागू राहते की नाही, एवढे अवश्य विचारून घ्यावे.

गोंगाट नाहीसा करण्याच्या सोयीबद्दल जाहिरातदार जितके बोलतात, तितके ते तिच्या मर्यादांबद्दल बोलत नाहीत. ध्वनीच्या लाटेवर उलटी लाट टाकून ती शमवावी ही कल्पना जर्मनीच्या पॉल ल्यूग यांची. तिचे अमेरिकन पेटंट त्यांना १९३६ मध्ये मिळाले. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र अमर बोस हे १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला परतत असताना विमानातल्या हेडफोनमधले संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेलेले पाहून त्यांनी प्रवासातच या विषयाची आकडेमोड सुरू केली, आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट विक्रीस आणला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, विमानाची घरघर हीच या युक्तीची खरी शिकार आहे. जो आवाज खालच्या पट्टीतला आणि अखंड असतो, म्हणजे एस. टी.चे इंजिन, वातानुकूलन यंत्र, लोकलच्या डब्यातले पंखे, त्याची उलटी लाट वेळेवर तयार करता येते. परंतु शेजारच्या सीटवरचे भांडण, ताटली पडल्याचा खणखणाट किंवा विक्रेत्याची आरोळी क्षणाक्षणाला पालटत असल्याने ती बरीचशी कानी येतच राहते. वरच्या पट्टीतले हे आवाज अडवण्याचे काम शेवटी त्या सिलिकॉनच्या टोपीलाच करावे लागते. ‘५० डेसिबल’ असा शिक्का असलेला, पण कानात सैल बसणारा बड आणि अशी कोणतीही सोय नसलेला, पण घट्ट बसणारा बड यांत निवड करावयाची झाली, तर मी दुसरा घेईन.

याच टोपीशी कानाच्या आरोग्याचा संबंध येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये संयुक्तपणे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तितकाच वेळ ७५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. हिशेबाची मेख अशी की, दर ३ डेसिबलना ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून मुदत निम्म्याने घटते : ८३ डेसिबलना २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. माणूस आवाज वाढवतो तो बहुधा शौक म्हणून वाढवीत नाही. बाहेरचा गोंगाट वाढला की गाणे त्याच्या वर काढण्यासाठी बोट आपोआप तिकडे वळते, आणि गाडीतून उतरून घरी आल्यावर तोच आवाज खोलीत अंगावर येतो, तेव्हा मघाशी आपण काय ऐकत होतो याचा पत्ता लागतो. नीट बसलेल्या बडमधून तेच गाणे कितीतरी खालच्या पातळीवर स्पष्ट ऐकू येते. कानाच्या शंखातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की मनुष्यप्राण्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून गाणे बंद केल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तिची दखल त्याच दिवशी घ्यावी.

ब्लूटूथविषयी दुकानात जे चर्वितचर्वण चालते, त्याचा सारांश चार ओळींत देता येईल. या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असून पाणी त्या शोषून घेते. आपले शरीर बव्हंशी पाण्याचेच असल्याने फोन मागच्या खिशात ठेवून मोकळ्या मैदानात फिरताना आवाज तुटतो, आणि घरात भिंतींवरून लहरी परावर्तित होत असल्याने तो तुटत नाही. एसबीसी, एएसी, एलडॅक ही ध्वनी आवळून पाठवण्याच्या पद्धतींची नावे. त्यांपैकी एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेऊ शकते, पण ती फोन आणि बड या दोहोंत असावी लागते आणि तिच्यातला सूक्ष्म फरक बसमध्ये कोणालाही कळणार नाही. चित्रपट पाहताना ओठ आणि शब्द जुळतात, कारण ॲप चित्रच थोडे मागे ठेवते. फोनवरची पेटी वाजवू पाहाल तर मात्र बोट आणि स्वर यांतले अंतर चांगलेच खटकेल.

बॅटरीचा जमाखर्च याहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे. फोनमध्ये पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असली, तर एका बडमध्ये पन्नासच्या आसपास असते, म्हणजे शंभरावा हिस्सा. खोक्यावरचे ‘५० तास’ हे चार्जिंगच्या डबीसकटचे असतात. एका बैठकीत बड किती तास चालतो हा आकडा बारीक अक्षरांत शोधावा लागतो. लिथियम-आयन बॅटरी शेकडो वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणा घटते, आणि रोजच्या वापरात ही वेळ दोन-तीन वर्षांतच येते. बहुतेक बड डिंकाने कायमचे चिकटवलेले असल्यामुळे बॅटरी बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. युरोपात फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये ग्राहकाला स्वतः बॅटरी बदलता येईल असे बड काढले, पण तो अपवाद. याचा अर्थ असा की, अठरा हजारांचा बड तीन वर्षांत सरला तर त्याचे वार्षिक भाडे सहा हजार पडले, आणि दीड हजारांचा दोन वर्षांत सरला तर साडेसातशे. हे भाडे देणे परवडत असेल तर महाग बड जरूर घ्यावा, त्याचा आवाज खरोखरच उंची असतो. मात्र जुना तारेचा हेडफोन दहा-दहा वर्षे चालतो तसा हाही चालेल, या भरवशावर घेऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत डबी ठेवू नये. फोनवर बोलताना शक्य असेल तर आलटून पालटून एकच बड वापरावा, म्हणजे दोन्हींचे आयुष्य बरोबरीने सरते.

पावसाळ्यात हे प्रकरण निराळे होते. आयपीएक्स४ हा शिक्का शिंतोड्यांपुरता, आयपीएक्स७ हा एक मीटर गोड्या पाण्यात अर्ध्या तासापुरता. आणि ही हमी बडची असते, डबीची असेलच असे नाही. भिजलेला किंवा घामेजलेला बड न पुसता डबीत घातला की चार्जिंगच्या पितळी टाचण्यांवर हिरवट थर चढतो आणि एक बाजू चार्ज होईनाशी होते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत बंद कानात बुरशी धरण्याची भीतीही असतेच. खाज सुटली की बड बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, कापसाच्या काडीने आत कोरत बसू नये. आणि ‘एका बाजूचा आवाज बसला’ म्हणून बड फेकून देण्यापूर्वी टोपी काढून टेबलावरच्या दिव्याखाली तो उजेडात तिरका धरावा. आवाज बाहेर येतो त्या ठिकाणी नखाहूनही लहान अशी एक जाळी असते, आणि दहांत नऊ वेळा तिच्यावर कानातल्या मळाची तपकिरी साय धरलेली दिसते. जाळीचे तोंड जमिनीकडे ठेवून कोरड्या मऊ ब्रशने ती झाडली की गेलेला आवाज परत येतो. तोंड वर करून झाडल्यास तोच मळ आत जातो.

राहता राहिला प्रश्न हरवण्याचा. टोकियो परिसरातील ७८ स्थानकांवर २०२० च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत साडेनऊशेच्या आसपास वेळा इअरबड रुळांवर पडल्याच्या घटना घडल्या, आणि ते खडीतून ओढून काढण्यासाठी रेल्वेने पॅनासॉनिकच्या साहाय्याने खास व्हॅक्यूम यंत्राचे प्रयोग केले. दादर किंवा ठाण्याच्या फलाटावर असे यंत्र नाही. तिथे गाडीत चढण्यापूर्वी निदान एक बड काढून डबीत ठेवावा, रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही काढावेत, आणि खाली पडलेल्या बडसाठी कोणीही रुळांत उतरू नये. बड विकत घेतानाच एका बाजूच्या सुट्या बडची किंमत विचारून ठेवावी. सुटा मिळतच नसेल तर एका बडबरोबर संपूर्ण जोडी गेली असे समजून तेवढाच पैसा घालावा.