तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

पादरा तालुका भाजीपाल्यासाठी ओळखला जातो. तोंडली, परवर, गवार, भेंडी, वांगी, हिरव्या तुरीच्या शेंगा, किती नावे घ्यावीत! भाजीने भरलेले टेम्पो वडोदऱ्याकडे जातात आणि त्याच रस्त्याने शेव, गाठिया, वेफरची पाकिटे, बिस्किटे व थंड पेयांच्या बाटल्या गावागावांतल्या दुकानांत येतात. ताजी भाजी शहराला आणि तळलेले, पाकिटातले खाणे गावाला, अशी ही अदलाबदल चालू आहे.

गायकवाडांच्या काळापासून या भागात राहणाऱ्या मराठी घरांनाही फरसाणाची गोडी लागून कैक वर्षे झाली. सकाळी फाफडा, दुपारच्या चहाबरोबर लीलो चेवडो किंवा भाकरवडी, संध्याकाळी लारीवरची सेवउसळ. पाहुणा आला की फरसाणाची बशी पुढे करणे हीच रीत. सणासुदीला हे सारे खावे, त्यात वावगे काही नाही. पण सण रोजचाच झाला म्हणजे शरीर हिशेब मागू लागते.

पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ जण म्हणतात, "सारा जन्म हेच खाण्यात गेला, आता बदलून काय उपयोग?" या प्रश्नाचे उत्तर आज आपल्या देशातल्याच अभ्यासातून देता येते, आणि ते आशेचे आहे.

उशीर झालेला नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावर असणे म्हणजे रक्तातील साखर वाढलेली, पण अजून मधुमेहापर्यंत न पोहोचलेली.

अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. या माणसांचे सरासरी वय ४६ च्या आसपास होते. एका गटाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला मिळाला. दुसऱ्या गटाला साखर, मैदा व तेल कमी करणे, चोथ्याचे अन्न वाढवणे आणि रोज अर्धा तास चालणे हे पुन्हापुन्हा समजावून दिले गेले. तीन वर्षांत पहिल्या गटातील १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १०० पैकी ३९ राहिले. म्हणजे दर १०० माणसांमागे १६ जण तेवढ्या काळात मधुमेहापासून वाचले, आणि तेही साध्या ताटातल्या बदलाने व चालण्याने.

"मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?" असेही कोणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीराचे उदाहरण जगापुढे मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून वजनकाट्यावर विसंबून राहू नये. वर्षातून एकदा रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

स्वयंपाकघरातील तीन मापे

आपण किती तेल, साखर आणि मीठ खातो हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. ते शोधण्याची सोपी युक्ती अशी, की घरातील डबे किती दिवसांत संपतात ते पाहावे.

पहिले माप तेलाचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात २,००० उष्मांकांच्या रोजच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. चार माणसांच्या घराला दिवसाला १०८ ग्रॅम झाले. या हिशेबाने १५ किलोचा डबा साधारण साडेचार महिने पुरावयास हवा. आपल्या घरी तो दोन-अडीच महिन्यांत रिकामा होत असेल, तर जवळजवळ दुप्पट तेल पोटात जात आहे असे समजावे. शिवाय तूप आणि बाहेरून आणलेल्या फरसाणातले तेल या डब्यात मोजलेच जात नाही. शंभर ग्रॅम शेवेत साधारण साडेपाचशे उष्मांक असतात, आणि तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग तेलाचाच असतो.

दुसरे माप साखरेचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला माणशी २५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पाच चमच्यांपर्यंत ठेवणे उत्तम. ५० ग्रॅमच्या वर तर जाऊच नये. चार माणसांना उत्तम मापाने महिन्याला तीन किलो साखर झाली. दिवसाचे चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यानेच माणशी ४० ग्रॅम होतात! ३०० मिलिलिटरच्या थंड पेयाच्या बाटलीत सहाएक चमचे साखर निराळीच. गूळ घातला म्हणून हा हिशेब बदलत नाही.

तिसरे माप मिठाचे. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. चौघांना एक किलोची पिशवी ५० दिवस तरी जावी. बाहेरचे खाणे असेल तर त्याहूनही जास्त, कारण लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ पिशवीत दिसत नाही. गाठियामध्ये तर मिठाबरोबर सोडा किंवा पापडखारही असतो. त्यातूनही सोडियमच जाते, आणि रक्तदाब वाढवते ते हेच सोडियम. पाकिटावर सोडियमचा आकडा असेल तर त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मीठ किती ते कळेल.

जीभ शिकते, पण हळूहळू

"कमी तेलामिठाचे जेवण घशाखाली उतरत नाही" ही तक्रार खोटी नव्हे. जिभेला वर्षानुवर्षे जे मिळाले, तेच तिला रुचते. पण ही सवय कायमची नसते. मिठाचे प्रमाण काही महिने कमी ठेवलेल्या माणसांवरचा एक अभ्यास अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झाला. पुढे पुढे त्या माणसांना कमी मिठाचेच पदार्थ अधिक रुचू लागले, आणि पूर्वीचे प्रमाण खारट वाटू लागले. साखरेचेही पुष्कळांना असेच अनुभवास येते. म्हणून पहिल्या आठवड्यातील बेचवपणाला घाबरून माघार घेऊ नये. दोन-तीन महिने धीर धरावा.

पाकिटातले खाणे हातून सुटत नाही, याला केवळ मनाचा दुबळेपणा कारणीभूत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले खाणे आणि दोन आठवडे घरच्यासारखे साधे अन्न दिले गेले. हवे तितके खाण्याची मुभा दोन्ही वेळी होती. कारखान्यातल्या खाण्याच्या दिवसांत ती माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती व दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तितकेच उतरले. हा अभ्यास २०१९ सालचा. यातून घेण्याचा धडा हा, की असे खाणे घरात आणून ठेवून मग मनाला आवरत बसण्यापेक्षा ते दुकानातच राहू द्यावे.

दोन महिन्यांचा क्रम

सारे एकदम बदलू पाहणारा माणूस आठ दिवसांत थकतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यावी.

१. पहिले दोन आठवडे : फक्त पेये. चहातील साखर दोन चमच्यांवरून दीड, मग एक करावी. थंड पेयाऐवजी पातळ ताक, तेही बिनमिठाचे, जिरेपूड घालून घ्यावे.

२. तिसरा व चौथा आठवडा : दुपारच्या चहाची बशी. शेव-गाठियाच्या जागी भाजके चणे, साधे ममरे, मूठभर भुईमुगाचे दाणे किंवा पेरू ठेवावा. फरसाण आठवड्यातून एक दिवस, वाटीत मोजून घ्यावे. पिशवीतून खाऊ नये.

३. पाचवा व सहावा आठवडा : सेवउसळ. हा पदार्थ सोडण्याचे कारण नाही. वाटाण्याची उसळ चांगलीच असते. वाईट ती वरची शेव, तरीचे तेल आणि मैद्याचा पाव. उसळ घरी करावी, शेव चमचाभर, वर भरपूर कांदा, कोथिंबीर व लिंबू घ्यावे. पावाऐवजी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी उत्तम.

४. सातवा व आठवा आठवडा : जेवणाचे ताट. अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट भाकरी-पोळी किंवा भाताचे आणि पाव ताट डाळ-उसळीचे असावे. ताटात वरून मीठ वाढण्याची पद्धत बंद करावी.

भाजीला तेल कमी घालावयाचे तर कृतीही थोडी बदलावी लागते. तोंडल्याच्या काचऱ्या किंवा गवार चमचाभर तेलाच्या फोडणीवर टाकून वर झाकण ठेवावे, झाकणात पाणी घालावे व मंद आचेवर शिजू द्यावे. भाजी वाफेवर शिजते, करपत नाही. मीठ शेवटी घातले म्हणजे कमी पुरते. आले, लसूण, ओवा, लिंबू, दाण्याचे कूट यांनी तेला-मिठाची उणीव भरून निघते.

शेतकऱ्यांसाठी

भाजी बाजारात पाठवताना घरासाठी काय उरते? बहुधा निवडून टाकलेली! त्याऐवजी विहिरीजवळ किंवा अंगणात दोन वाफे केवळ घरासाठी राखावेत. मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीस येते. कुंपणाला तोंडलीचा वेल आणि कडेला शेवग्याचे झाड लावावे. पाला व शेंगा दोन्ही कामास येतात. विक्रीच्या पिकावर औषध मारले असेल, तर वेष्टनावर लिहिलेला थांबण्याचा काळ संपल्याशिवाय ती भाजी घरातही वापरू नये. शेतातील तूर घरीच भरडून वर्षाची डाळ ठेवली, तर पाकिटांचा खर्च वाचतो आणि प्रथिनेही मिळतात.

थोडी सावधगिरी

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी खाणे एकाएकी कमी करू नये. साखर फार उतरून घाम व चक्कर येऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगून औषधाचे प्रमाण पाहून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी वाढवण्यापूर्वी सल्ला घ्यावा. "कमी सोडियमचे" म्हणून मिळणारे मीठही त्यांनी मनाने वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते. कडधान्याची सवय नसलेल्यांना सुरुवातीला गॅसेस होतात. त्यांनी रात्री भिजवून, मोड आणून, चांगली शिजवून अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी व पाणी पुरेसे प्यावे.

घरातील एकाच माणसासाठी वेगळे पथ्याचे जेवण रांधू नये. त्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते आणि गृहिणीचे काम दुप्पट होते. एकच स्वयंपाक सर्वांनी खावा. लहान मुलांची जीभ आत्ताच घडत असते, त्यांना तर याचा लाभ सर्वांत जास्त.

तेलाचा नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहून ठेवा आणि संपेल त्या दिवशी दिवस मोजा. पुढचा डबा दहा दिवस जास्त पुरला, तर आपण योग्य वाटेवर आहोत असे खुशाल समजावे.