विमानवाहतुकीतील हायड्रोजन : भार, जागा आणि खर्च

विमानात हायड्रोजन वापरावा की नाही, ह्या वादात पहिला दाखला बहुधा वजनाचा दिला जातो. एक किलोग्रॅम हायड्रोजन जळाला असता सुमारे १२० मेगाजूल ऊर्जा मिळते. तितक्याच केरोसीनपासून सुमारे ४३. विमानाच्या बाबतीत वजन म्हणजेच खर्च, त्यामुळे हा दाखला निर्णायक वाटतो. परंतु लांबच्या उड्डाणास पुरेल इतका हायड्रोजन न्यावयाचा तर तो उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूपात न्यावा लागतो, आणि द्रवरूपातही त्याच्या एका घनमीटरचे वजन अवघे ७१ किलोग्रॅम भरते. केरोसीनचे ८०० च्या आसपास. म्हणजे एक टन केरोसीनचे काम ३५८ किलोग्रॅम हायड्रोजन करील खरा, पण सव्वा घनमीटरच्या ठिकाणी त्यास पाच घनमीटर जागा लागेल.

ह्या चौपट जागेतच अर्थकारणाची खरी अडचण आहे. केरोसीन पंखांच्या पोकळीत भरतात. त्या जागेचे भाडे एरवी कोणी देत नाही. द्रव हायड्रोजनास मात्र उष्णतारोधक अशी गोल किंवा नळकांड्याच्या आकाराची टाकी हवी, आणि ती पंखांत बसत नाही. १५ एप्रिल १९८८ रोजी सोव्हिएत संघात उडालेल्या तुपोलेव्ह टीयू-१५५ ह्या प्रायोगिक विमानात तीनपैकी एकच एंजिन हायड्रोजनवर चालत होते. तेवढ्यासाठीही प्रवासी-कक्षाचा मागील भाग टाकीस द्यावा लागला. प्रयोगास प्रवासी नव्हते म्हणून हे खपले. व्यापारी विमानात घटलेल्या प्रत्येक आसनाचा भार उरलेल्या आसनांच्या भाड्यावर पडतो. लहान पल्ल्यावर टाकी लहान पुरते हे खरे. पण इंधनाचा मोठा खप लांब पल्ल्यावरच होतो. जेथे तोटा कमी, तेथे लाभही कमीच.

'इंधन' ह्या शब्दानेही थोडी दिशाभूल होते. खनिज तेल भूगर्भातून निघते. हायड्रोजन बनवावा लागतो, आणि पाण्यापासून बनविल्यास तो वस्तुतः विजेचा वाहक ठरतो. एका किलोग्रॅमसाठी विद्युत्-विघटनास ५० ते ५५ युनिट आणि द्रवीकरणास आणखी १० ते १२ युनिट वीज लागते. वरील ३५८ किलोग्रॅमचा हिशेब २१ ते २४ हजार युनिटांवर जातो. युनिटास ४ रुपये दर गृहीत धरला तरी नुसत्या विजेचे ८६ ते ९६ हजार रुपये होतात. यंत्रसामग्री, साठवण व वाहतूक निराळीच. दर निम्मा झाला तर ही रक्कमही निम्मी होते. म्हणजे इंधनाचा भाव तेलाच्या जागतिक बाजारात न ठरता वीजदरात ठरू लागतो. गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या भारतास ही गोष्ट क्षुल्लक नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. तथापि खतकारखाने व तेलशुद्धीकरण केंद्रे हायड्रोजन आजच वापरतात आणि त्यांना तो द्रवरूपात नको असतो. साहजिकच विमाने रांगेत मागे राहतात.

उरतो प्रश्न आरंभ कोणी करावयाचा हा. विमाने नाहीत म्हणून विमानतळ द्रवीकरणावर पैसा घालीत नाहीत, आणि विमानतळांवर सोय नाही म्हणून विमाने कोणी मागवीत नाही. युनिव्हर्सल हायड्रोजन ह्या अमेरिकन कंपनीने भरलेल्या टाक्याच विमानतळावर आणून विमानात बसविण्याची युक्ती योजिली होती. तिचे प्रायोगिक विमान मार्च २०२३ मध्ये उडाले. २०२४ मध्ये भांडवलाअभावी कंपनीच बंद पडली. एअरबसने २०२० मध्ये जाहीर केलेली २०३५ ची मुदतही २०२५ मध्ये पुढे ढकलली. शिवाय आज विकत घेतलेले विमान वीस-पंचवीस वर्षे केरोसीनच जाळणार. ह्यास्तव हायड्रोजन आणि कर्बवायू ह्यांपासून कृत्रिम केरोसीन करण्याकडे कल वाढत आहे. त्यात वीज अधिकच खर्च होते, परंतु जुने पंख, जुन्या टाक्या व जुने विमानतळ चालतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार अशा कृत्रिम इंधनाचा काही अंश २०३० पासून बंधनकारक आहे.